हायपोफॉस्फेटेशियातील कवटीविकृती व शस्त्रक्रिया

हायपोफॉस्फेटेशिया हा हाडांत खनिज नीट न भरण्याचा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. एएलपीएल जनुकातील दोषामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) कमी पडते. रॅथबन यांनी १९४८ मध्ये कॅनडात त्याला हे नाव दिले. अर्भकीय प्रकारात लक्षणे पहिल्या सहा महिन्यांत दिसतात. त्यातून वाचलेल्या बऱ्याच मुलांत कवटीच्या शिवणी, म्हणजे तिच्या हाडांमधले सांधे, वेळेआधी जुळतात, मेंदूवर दाब येतो आणि डोक्याचा आकार बिघडतो.

खनिजच नसलेले हाड वेळेआधी जुळते कसे, हा जुना प्रश्न. विकराअभावी अजैव पायरोफॉस्फेट साचते व खनिजाचे स्फटिक वाढू देत नाही, एवढे निर्विवाद. एका मतानुसार शिवणीत खनिजरहित अस्थिद्रव्य भरून ती घट्ट होते. म्हणजे क्ष-किरण चित्रात फट रुंद दिसली, तरी तेथे वाढ होत नाही. दुसरे मत असे की विकराच्या अभावी शिवणीतील पूर्वपेशींचे वर्तनच बदलते. एएलपीएल निकामी केलेल्या उंदरांतही शिवणी जुळत असल्याने अलीकडे या मताला वजन आले आहे. दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही. शिवण जुळली की तिला काटकोनातील वाढ खुंटते, हा फिरखोव्ह यांचा १८५१ चा नियम; दोष मुळात कवटीच्या तळाचा, हे मॉस यांचे १९५९ चे प्रतिपादन. शस्त्रक्रियेचे नियोजन आजही बव्हंशी फिरखोव्ह यांच्या नियमावरच बेतलेले असते.

फट रुंद दिसूनही शिवण बंद असू शकते; व्यवहारात याचा अर्थ असा की टाळू मऊ लागते म्हणून दाब नाही, असे धरता येत नाही. डोक्याचा घेर नियमित मोजावा लागतो, नेत्रतळ तपासून दृक्‌चेतेची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची) सूज पाहावी लागते. दीर्घकालीन दाबाने कवटीच्या क्ष-किरण चित्रात ठोक्याच्या तांब्याच्या भांड्यावर असतात तशा खुणा उमटतात.

शिवण कापण्याची सुरुवात लानलाँग यांनी १८९० मध्ये पॅरिसला केली. ती मुख्यतः लहान डोक्याच्या मतिमंद मुलांसाठी होती, आणि पुढे त्यातील मृत्यूंवरून याकोबी यांनी तिच्यावर कडक टीका केली. कवटी व चेहऱ्याच्या एकत्रित शस्त्रक्रियेचा पाया तेस्ये यांनी १९६७ च्या सुमारास घातला. आता शिवणीची पट्टी दुर्बिणीतून काढणे, कपाळ व डोळ्याच्या खोबणीची वरची कड पुढे आणणे किंवा मागची कवटी हळूहळू ताणणे, यांपैकी निवड जुळलेली शिवण, वय व दाब यांवरून होते.

या विकारात अडचणी वेगळ्या. हाड मऊ असल्याने स्क्रू-पट्ट्या धरत नाहीत. काढलेल्या जागी नवे हाड उशिरा येते, तर कधी शिवण पुन्हा जुळते. सहा किलोच्या बाळात रक्त साधारण अर्धा लिटरच असते, म्हणून थोडा रक्तस्रावही जड जातो. छातीचा पिंजरा दुबळा असल्याने भूल धोक्याची. बाळाला येणारी आकडी जीवनसत्त्व ब६ ने आटोक्यात असल्यास ते शस्त्रक्रियेच्या काळात बंद करता येत नाही.

विकर-प्रतिस्थापनाचे, म्हणजे कमी पडणारे विकर बाहेरून देण्याचे, औषध अस्फोटेज अल्फा २०१५ पासून काही देशांत उपलब्ध आहे. ते त्वचेखाली टोचतात. त्याने हाडे भरतात, श्वसन सुधारते. मात्र उपचार सुरू असलेल्या पाच वर्षांखालील मुलांतही शिवणी जुळल्याच्या नोंदी आहेत. तो औषधाचा परिणाम की मूळ विकाराचीच वाटचाल, हे ठरलेले नाही. दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. त्यामुळे औषध चालू असतानाही नेत्रतळ तपासणी सुरू ठेवतात.