पुरस्काराच्या पैशातून रोजगार कार्यालयाची सेवा कशी सुधारायची: अमेरिकेतील माजी सैनिक योजनेची पात्रता, प्रक्रिया, कागदपत्रे

अमेरिकेत माजी सैनिकांना नोकरी शोधायला मदत करण्यासाठी संघराज्याचा कामगार विभाग प्रत्येक राज्याला ‘जॉब्स फॉर व्हेटरन्स स्टेट ग्रँट्स’ हे अनुदान देतो. या अनुदानातला १ टक्का चांगल्या कामाच्या बक्षिसासाठी असतो. तरतूद २००२ च्या जॉब्स फॉर व्हेटरन्स कायद्यातून आली आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर कर्मचाऱ्यांबरोबर कार्यालयेही पात्र ठरली. माझ्या मते ही दुरुस्ती फार मोलाची आहे, कारण रांगेत ताटकळणाऱ्या माणसाची सोय एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसते.

पात्र कोण?

अपंग माजी सैनिकांना व्यक्तिगत मदत करणारे तज्ज्ञ, मालकवर्गाशी संपर्क ठेवणारे स्थानिक प्रतिनिधी, माजी सैनिकांना रोजगार, प्रशिक्षण किंवा नियुक्तीची सेवा देणारे इतर कर्मचारी आणि रोजगार कार्यालये. उत्कृष्ट काम किंवा दाखवता येईल अशी सुधारणा, यांपैकी एक असले तरी पुरे. म्हणजे मागे पडलेल्या कार्यालयालाही दार उघडे आहे. कर्मचाऱ्याला मिळणारी रोख रक्कम नेहमीच्या पगाराव्यतिरिक्त असते.

प्रक्रिया

कार्यालय थेट वॉशिंग्टनकडे अर्ज करत नाही. आधी राज्याने आपल्या चार वर्षांच्या मनुष्यबळ आराखड्यात पुरस्कार योजना कशी राबवणार ते लिहावे लागते. या आराखड्यात दोन वर्षांनी फेरबदल होतो. म्हणून आपले राज्य ही योजना राबवते का, हे पहिल्यांदा पाहा. काही राज्यांत स्थानिक कायदे किंवा कर्मचारी संघटनांशी झालेले करार आड येतात. राज्य राबवत असेल, तर शिफारस राज्याच्या मनुष्यबळ विभागाकडे जाते. नमुना आणि मुदत राज्यागणिक वेगळी असते.

कागदपत्रे

राज्याचा शिफारस अर्ज आणि वरिष्ठांची सही लागेल असे धरून चला. खरी कसोटी कामाच्या वर्णनाची असते. ‘आम्ही मनापासून सेवा देतो’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. आधी काय अडत होते, काय बदलले आणि त्याने आलेल्या माणसाचे काय सोपे झाले, हे तारखांसह लिहा.

इथे एक अडचण ध्यानात ठेवा. या सेवांचे मुख्य निकष म्हणजे सेवा संपल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरी आहे का, आणि दुसऱ्या तिमाहीतली मध्यक कमाई (निम्म्यांची कमाई जिच्यापेक्षा कमी आणि निम्म्यांची जास्त, ती) किती. हे आकडे हातात यायला महिने जातात. त्यामुळे आज केलेली सुधारणा त्यात आज दिसणार नाही. म्हणून पहिल्या भेटीपर्यंतचा प्रतीक्षाकाळ, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची संख्या, योग्य तज्ज्ञाकडे किती दिवसांत पाठवले, अशा जवळच्या नोंदी स्वतः ठेवायला लागा, आणि तेही बदल करण्याआधीपासून. नाहीतर तुलनेला आधीचा आकडाच राहत नाही. अभिप्राय जोडताना माजी सैनिकांची नावे आणि आजाराचे तपशील काढून टाका.

पैसे कुठे लावावेत?

रक्कम मोठी नसते. राज्याचे अनुदान २० लाख डॉलर असेल, तर बक्षिसांसाठी सगळ्या राज्यात मिळून २० हजार. रोजगार, प्रशिक्षण आणि नियुक्ती सेवा सुधाराव्यात, आधुनिक व्हाव्यात, हा कायद्याचा हेतू आहे. मी पहिला डॉलर स्वागतकक्षावर लावेन. माजी सैनिकांना सेवेत प्राधान्य आहे, पण दारातच ‘तुम्ही किंवा तुमच्या जोडीदाराने सैन्यात सेवा केली आहे का?’ असे कुणी विचारले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. काही वेळा जोडीदारालाही हे प्राधान्य मिळते आणि अनेकांना ते ठाऊकच नसते. तेव्हा हा प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण, ठळक पाट्या, कमी दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, खासगीत बोलता येईल असा आडोसा, ही कामे थोडक्या पैशात होतात.

खर्चापूर्वी राज्याच्या अनुदान अधिकाऱ्याकडून लेखी होकार घ्या. बिले, मंजुरीपत्र आणि आधी-नंतरच्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या शिफारशीला हीच फाइल जोडता येते.