नायट्रस म्हणजे टर्बो नव्हे, आणि इंधन तर नव्हेच

2001 साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस'चा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मग तो नायट्रो मारतो आणि गाडी सुटते!" त्यावर कोणी सांगतं की ते, म्हणजे नायट्रस, एक जहाल इंधन असतं, पेट्रोलच्या जागी तेच जळतं. दुसरा सांगतो की तो बटणावर चालणारा टर्बो. दोन्ही साफ चूक, आणि वीस वर्षांहून जास्त काळ तितक्याच उत्साहाने सांगितली जाणारी. वाईट याचं वाटतं की या घोळामुळे पहिल्या शर्यतीनंतरचं भांडण कोणाला कळतच नाही. रॉब कोहेनच्या या सिनेमात पुढच्या भागांसारखे रणगाडे नाहीत, पाणबुडी नाही. इथे सगळा जीव बॉनेटच्या खाली आहे, आणि तिथे काय चाललंय ते समजलं तरच तो पुन्हा बघण्यात अर्थ आहे.

टर्बो तुमच्या ओळखीचा आहे. आता दहा लाखांच्या आतल्या गाड्यांतही तो मिळतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थांबावं लागतं, तो टर्बो लॅग. सिनेमातल्या डॉम टोरेटोची लाल माझदा आरएक्स-7 कारखान्यातूनच दोन टर्बो घेऊन आलेली गाडी आहे. टर्बोबद्दल एवढं पुरे.

आता नायट्रस. पूर्ण नाव नायट्रस ऑक्साइड, दंतवैद्य भूल देताना वापरतात तोच वायू. सिनेमात त्याला सगळे 'नॉस' म्हणतात, ते एका कंपनीचं नाव. हा वायू स्वतः पेटत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत प्राणवायूच्या नळीत धुमसती काडी घातली की ती भपकन पेटायची, आठवत असेल. नायट्रसच्या नळीतही तसंच होतं. जळते ती काडी, वायू नव्हे. चुलीत फुंकणीने फुंकर घातली की जाळ भडकतो, पण म्हणून कोणी हवेला सरपण म्हणत नाही. नायट्रसचं काम फुंकरीचंच आहे.

वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन सुमारे 23 टक्के, नायट्रसमध्ये 36. सिलिंडरमधल्या उष्णतेत त्याचा रेणू फुटतो आणि मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनच्या जोरावर जास्तीचं पेट्रोल जाळता येतं. ताकद येते ती या जास्तीच्या पेट्रोलमधून. नुसता नायट्रस सोडला आणि पेट्रोल वाढवलं नाही तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, सिलिंडर भलताच तापतो, अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून 'वेट' किटमध्ये नायट्रसच्या जोडीला पेट्रोलची वेगळी नळी असते, आणि 'ड्राय' किटमध्ये गाडीच्या पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडूनच जास्त पेट्रोल सोडवून घेतात. जो इंधन आहे त्याला आणखी इंधनाची गरज कशाला पडली असती?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी मेसरश्मिट विमानांना जीएम-1 नावाची यंत्रणा बसवली होती, ती नायट्रसचीच. खूप उंचीवर हवा विरळ होते आणि तिथे सुपरचार्जरही, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीने हवा दाबणारा पंपही, कमी पडतो. ऑक्सिजन बाहेर मिळत नाही, म्हणून टाकीत भरून न्यायचा, हा विचार. म्हणजे टर्बो आणि नायट्रस दोघांचाही हेतू एकच, इंजिनाला ऑक्सिजन पुरवणं. एवढ्यापुरता गोंधळ मी समजू शकतो.

पण खरा फरक पुरवठ्याच्या रीतीत आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. टर्बो इंजिनाच्या चालीने चालतो. इंजिन हळू फिरलं तर धूर कमी, म्हणून हवा कमी. वेग वाढला की दाबही वाढतो. नायट्रसला इंजिनाशी काही देणंघेणं नाही. बाटलीत तो द्रवरूपात, 20 अंश तापमानाला सुमारे 50 बार दाबाखाली कोंडलेला असतो. झडप उघडली की जेटच्या, म्हणजे ठराविक मापाच्या तोटीच्या, भोकातून दर सेकंदाला ठरलेला माल बाहेर पडतो. इंजिन 3000 आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर) असो की 6000 वर, जेटला फरक पडत नाही.

आता हिशेब करा. 3000 वर प्रत्येक सिलिंडर एका सेकंदात 25 वेळा भरतो, 6000 वर 50 वेळा. सेकंदाला येणारा नायट्रस तेवढाच, म्हणजे कमी आरपीएमला प्रत्येक भरणीच्या वाट्याला दुप्पट. प्रत्येक धडाक्यात पिस्टनवर पडणारा जादा भारही त्याच प्रमाणात वाढतो. पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड वाकतात ते इथे. वेट किट असेल तर आणखी एक धोका: इंजिन रेंगाळत असताना नायट्रस आणि पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतच, साचतं, आणि जाळ मागे फिरला तर मॅनिफोल्डच फाटतं. म्हणून जाणकार लोक ठराविक आरपीएमच्या वर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तेव्हाच झडप उघडेल असा स्विच बसवतात. टर्बोला असल्या पहारेकऱ्याची गरज नसते.

हे डोक्यात ठेवून पहिली शर्यत बघा. डॉमशी स्पर्धा करणारा ब्रायन हिरव्या मित्सुबिशी एक्लिप्समध्ये घाईने नायट्रसचं बटण दाबतो, पुढे जातो, पुन्हा दाबतो, आणि गाडीतल्या लॅपटॉपवर मॅनिफोल्ड धोक्यात असल्याची सूचना झळकते. डॉम थांबतो, उशिरा दाबतो आणि जिंकतो. हे थांबणं मात्र नाट्यासाठी आहे. खरा ड्रॅग रेसर, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत पळवणारा, शेवटच्या शंभर मीटरसाठी बाटली राखून ठेवत नाही. चाकांना पकड मिळाली की तो झडप उघडतो, कारण लवकर मिळालेला वेग उरलेल्या सगळ्या अंतरभर कामी येतो.

त्यानंतरचं झापणं मात्र अस्सल आहे. थोडक्यात हुकलो म्हणणाऱ्या ब्रायनला डॉम सुनावतो की 100 च्या शॉटने इनटेकची वेल्डिंग उडाली नाहीत हे नशीब समज, आणि तू भाजलेल्या पिस्टन रिंगा बदलायला आता ब्लॉक उघडावा लागणार. 100 चा शॉट म्हणजे सुमारे 100 अश्वशक्तीची भर देणारा जेट. इनटेकचं काय होतं ते वर आलंच. राहिल्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीकशी फट ठेवलेली असते. नायट्रसच्या उष्णतेने रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि ती सिलिंडरची भिंत खरवडते. नायट्रससाठी बांधलेल्या इंजिनात ही फट मुद्दाम जास्त ठेवतात. दोन वाक्यांत एवढं नेमकं निदान या मालिकेत पुढे क्वचितच ऐकायला मिळालं, म्हणून मला पहिला भाग सर्वांत प्रिय आहे.

त्याच दमात डॉम डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं) न केल्याबद्दलही बोलतो, ते सोडून द्या. गिअरचे वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर टाकताना डबल क्लच केला तर वेळच वाया जातो. शर्यतीत एक्लिप्सच्या फरशीचा पत्रा गळून पडतो, त्याचाही नायट्रसशी संबंध नाही. आणि व्हिडिओ गेममध्ये नायट्रसची पट्टी आपोआप भरत जाते, तिने तर आमच्या पिढीचं फार नुकसान केलंय. 100 च्या जेटवर साडेचार किलोची बाटली दोन मिनिटंही पुरत नाही. संपली की उतरवायची आणि भरून आणायची.

किरकोळ दोन गोष्टी. गाड्यांच्या बॉनेटपाशी फुस्सकन उडणारा पांढरा फवारा म्हणजे धूर नव्हे. नळीतला वायू काढून टाकून तिथपर्यंत द्रव नायट्रस आणायचा असतो, म्हणून तो थोडा बाहेर सोडतात. आणि डॉमच्या वडिलांच्या 1970 च्या डॉज चार्जरच्या बॉनेटमधून वर आलेलं धूड टर्बो नव्हे, सुपरचार्जर आहे. ते धुरावर नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतं, म्हणून त्याला लॅग नाही.

राहिला 'नायट्रो' हा शब्द. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वरच्या वर्गात नायट्रो म्हणतात ते नायट्रोमिथेनला, आणि ते खरोखरच इंधन आहे. त्या लांबट गाड्यांच्या धुराड्यांतून रात्री उंच ज्वाळा निघतात त्या त्याच्याच. टोरेटोच्या गॅरेजमधल्या एकाही बाटलीत ते नव्हतं.