देवांची पोरकी मुलं : ग्रीक पुराणकथांवरच्या बालकादंबऱ्यांची पार्श्वभूमी

बारा वर्षांचा एक मुलगा, शाळाशाळांतून काढून टाकलेला, वडील कोण ते माहीत नसलेला. एके दिवशी त्याला कळतं की आपला बाप समुद्राचा देव पोसायडन आहे. २००५ साली अमेरिकेत आलेल्या ‘द लाइटनिंग थीफ’ या कादंबरीने पर्सी जॅक्सन नावाच्या या मुलाला जगभरच्या वाचकांपुढे आणलं. तेव्हापासून ‘ग्रीक देव आणि आजची मुलं’ हा बालसाहित्यातला जणू स्वतंत्र विभागच झाला आहे. त्याचं श्रेय लेखक रिक रायर्डन यांना दिलं जातं. ते रास्तच आहे. पण बापाच्या शोधात निघालेल्या मुलाची ग्रीक गोष्ट मुलांसाठी कादंबरीत आणण्याची कल्पना त्याआधी तीनशे वर्षांपासूनची आहे. मधल्या काळात मुलांच्या ग्रीक गोष्टींतून एक गोष्ट पद्धतशीर गाळली गेली होती. रायर्डन यांनी नेमकी तीच परत आणली.

सुरुवात फ्रान्समध्ये करावी लागते. १६८९ साली फेनेलाँ या धर्मगुरूला चौदाव्या लुईच्या नातवाचा, म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकचा, शिक्षक नेमण्यात आलं. मुलगा सात वर्षांचा होता आणि राजगादीच्या वाटेवर होता. त्याला राजधर्म शिकवायचा, पण कंटाळा येऊ द्यायचा नाही, म्हणून फेनेलाँ यांनी होमरच्या ‘ओडिसी’मधला एक धागा उचलला. ट्रॉयचं युद्ध संपून वर्षं लोटली तरी ओडिसियस घरी आलेला नाही आणि त्याचा मुलगा टेलेमॅकस त्याला शोधायला निघतो. होमरकडे हा प्रवास पहिल्या चार सर्गांत आटोपतो. फेनेलाँ यांनी त्याची अख्खी कादंबरी केली. जहाजं फुटतात, गुलामगिरी वाट्याला येते, कॅलिप्सोच्या बेटावरचा मोह टाळावा लागतो आणि एका टप्प्यावर मुलगा बापाच्या शोधात थेट पाताळात उतरतो. सोबत मेंटॉर नावाचा वृद्ध वाटाड्या असतो. प्रत्यक्षात ती वेश पालटून आलेली ज्ञानाची देवता मिनर्व्हा असते.

‘तेलेमाक’ ही फेनेलाँ यांची कादंबरी १६९९ साली लेखकाच्या संमतीविना छापली गेली आणि गाजली. युद्धखोर, उधळ्या राजांवरची तिच्यातली टीका आपल्यालाच उद्देशून आहे असं लुईला वाटलं. फेनेलाँ यांच्यावर राजाची आधीच खप्पा मर्जी होती आणि ते कांब्रेच्या धर्मपीठावर दूर पाठवले गेले होते. दरबाराची दारं त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाहीत. ज्याच्यासाठी हे लिहिलं तो राजपुत्र १७१२ मध्ये गोवराने गेला आणि राजा कधी झालाच नाही. पुस्तक मात्र पुढे शंभर वर्षं युरोपभर मुलांच्या हाती राहिलं. आज ते वाचताना उपदेशाचे लांबलचक उतारे अंगावर येतात, हे खरं. तरीही किशोरवयीन नायक, वेश पालटलेला देव, राक्षसी संकटांची माळ, पाताळाची सफर आणि नसलेला बाप, हा सगळा सांगाडा इथे उभा आहे.

पुढचं मोठं पाऊल इंग्लंडमध्ये पडलं. चार्ल्स लॅम यांचं ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ युलिसिस’ १८०८ मध्ये निघालं (युलिसिस म्हणजे ओडिसियसच, रोमन नावाने). आपलं पुस्तक ‘तेलेमाक’ला पूरक आहे असं त्यांनी प्रस्तावनेतच म्हटलं. प्रकाशक होते विचारवंत विल्यम गॉडविन, जे तेव्हा मुलांच्या पुस्तकांचा व्यवसाय चालवत होते. हस्तलिखित वाचून गॉडविन बिचकले. एकडोळ्या राक्षसाचं माणसं खाणं आणि मग ओकणं मुलांना, आणि मुख्य म्हणजे पुस्तक विकत घेणाऱ्या पालकांना, कसं रुचेल? लॅम यांनी ओकारी काढून टाकली, बाकीच्याला हात लावायला नकार दिला. नरभक्षकांनी भरलेली गोष्ट मागितली तर ती कुठेतरी हादरवणारच, असं त्यांनी पत्रात साफ कळवलं. मुलांसाठी काय गाळायचं हा वाद तेव्हापासून या साहित्याच्या मानगुटीवर बसला आहे.

गाळायला खूप होतं. ग्रीक देव मानवी स्त्रियांशी संबंध ठेवतात, मुलं जन्माला घालतात आणि निघून जातात. डॅनेई आणि देवांचा राजा झ्यूस यांचा मुलगा पर्सियस तान्हा असताना आजोबा त्याला आईसह पेटीत बंद करून समुद्रात सोडतात आणि सेरिफोस बेटावरचा एक कोळी त्यांना वाचवतो. कर्णाची पेटी नदीत सोडणारी कुंती ज्यांच्या ओळखीची आहे त्यांना हे काही नवलाचं वाटणार नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी घरात देवाचं असं बापपण मुलांसमोर कसं मांडायचं हा गहन प्रश्न होता.

त्याचं सर्वांत कल्पक उत्तर अमेरिकेत नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी दिलं. १८५१च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स इथे राहत असताना त्यांनी ‘अ वंडर-बुक फॉर गर्ल्स अँड बॉईज’ लिहिलं. १८५३ मध्ये ‘टँगलवुड टेल्स’ आलं. या पुस्तकांकडे ‘सोप्या केलेल्या ग्रीक गोष्टी’ एवढ्याच नजरेने पाहणं मला अन्यायाचं वाटतं. ‘वंडर-बुक’मध्ये युस्टेस ब्राइट नावाचा कॉलेजातला तरुण टँगलवुडच्या घरात पोराटोरांचा घोळका जमवून गोष्टी सांगतो, मुलं मध्येच तोंड घालतात, शंका काढतात. आणि गोष्टीच्या आतही हॉथॉर्न यांनी मुलं आणून बसवली. पँडोरा आणि एपिमिथियस ही त्यांच्याकडे दोन लहान मुलं आहेत, पेटीत काय असेल यावरून भांडणारी. हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मायडस राजाची लाडकी लेक सोन्याची होते, हा प्रसंग जगभर मूळ ग्रीक म्हणून सांगितला जातो. तो ग्रीक नाही. ती लेक हॉथॉर्न यांची निर्मिती आहे आणि त्यांनी तिचं नाव मेरीगोल्ड ठेवलं होतं. रोमन कवी ऑव्हिडच्या मायडसला खाणंपिणं सोन्याचं झाल्यावर भुकेने शहाणपण येतं, हॉथॉर्न यांच्या मायडसला ते लेकीमुळे येतं. आज मूळ कथेपेक्षा हीच आवृत्ती लोकांच्या मनात पक्की बसली आहे. ग्रीक कथेत मूल आणून बसवलं की तिचा गुरुत्वमध्य कसा सरकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

मात्र याच हॉथॉर्न यांनी कात्रीही मनसोक्त चालवली. मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाला मारायला मदत करणाऱ्या एरियॅड्नीला वीर थीसियस बेटावर सोडून जातो, हे मूळ कथानक त्यांनी खोटं ठरवलं. त्यांच्या गोष्टीत ती म्हाताऱ्या बापासाठी स्वतःच मागे राहते. प्लूटो पर्सिफोनीला (त्यांच्याकडे तिचं रोमन नाव आहे, प्रोसर्पिना) पळवून नेतो, तेव्हा ती छोटी मुलगी असते आणि पाताळाचा राजा केवळ एकटेपणाला कंटाळलेला असतो.

चार्ल्स किंग्जली या इंग्रज पाद्र्याला हॉथॉर्न यांची पुस्तकं उथळ आणि सवंग वाटली. १८५६ मध्ये त्यांनी ‘द हीरोज’ लिहिलं आणि आपल्याच मुलांना अर्पण केलं. पर्सियस, सोनेरी लोकर आणायला निघालेले वीर आणि थीसियस, अशा तीनच कथा, भारदस्त लयीत. धैर्य, संयम, कष्ट हे गुण मुलांनी वीरांकडून घ्यावेत हा हेतू उघड होता. पर्सियसचा बाप कोण? लोक त्याला झ्यूसचा मुलगा म्हणत, एवढं सांगून किंग्जली पुढे सरकतात. याच सुमारास बॉस्टनच्या बँकेत कारकुनी करणारे टॉमस बुलफिंच यांनी ‘द एज ऑफ फेबल’ (१८५५) काढलं. ग्रीक-लॅटिन शिकण्याची संधी न मिळालेल्या वाचकांना इंग्रजी कवितेतले पौराणिक संदर्भ कळावेत म्हणून ते होतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तोवर या कथा लॅटिन शाळेत जाणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांची मिरास होत्या. मुलींना आणि साध्या घरांतल्या मुलांना त्या अशा इंग्रजी पुस्तकांनी मिळवून दिल्या.

विसाव्या शतकात आणखी एक वळण आलं. ईडिथ नेस्बिट यांच्या ‘द एन्चांटेड कॅसल’ (१९०७) मध्ये आजच्या, म्हणजे तेव्हाच्या, इंग्लंडमधल्या मुलांना जादूची अंगठी सापडते. चांदण्या रात्री बागेतले ग्रीक देवांचे संगमरवरी पुतळे जिवंत होतात आणि मुलं त्यांच्या पंगतीला बसतात. मूल ग्रीक काळात जात नाही, देवच मुलाच्या काळात येतात, ही युक्ती इथे आहे. पण नेस्बिटचे देव प्रेमळ यजमान आहेत. त्यांच्यापासून धोका नाही, त्यामुळे साहसही बेताचंच. सी. एस. लुईस यांनी १९५० पासूनच्या नार्नियाच्या कथांत फॉन (अर्धे बोकड, अर्धी माणसं), सेंटॉर (अर्धे घोडे, अर्धी माणसं), वनदेवता भरपूर आणल्या. मोठे देव मात्र बहुतेक बाहेरच ठेवले. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये मद्याचा देव बॅकस येतो तेव्हा त्यातल्या मुलीच म्हणतात की अस्लान (नार्नियाचा दैवी सिंह) सोबत नसता तर याची भीती वाटली असती.

ही भीती आणि वेदना मुलांच्या पुस्तकात उघडपणे परत आणण्याचं काम १९७० मध्ये झालं. लिऑन गारफील्ड आणि एडवर्ड ब्लिशेन यांनी ‘द गॉड बिनीथ द सी’मध्ये सुट्या कथा न सांगता ग्रीक पुराणाची सलग कादंबरीसारखी मांडणी केली. सुरुवातच एका बाळाच्या कोसळण्याने होते. कुरूप म्हणून आई हेराने ऑलिंपस या देवांच्या पर्वतावरून फेकून दिलेला हिफेस्टस समुद्रात पडतो आणि थेटिस व युरिनोमी या जलदेवता त्याला वाढवतात. चार्ल्स कीपिंग यांची चित्रंही बिनधास्त आणि अस्वस्थ करणारी होती. या पुस्तकाला ब्रिटनमधलं बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालं. देवांनी टाकलेल्या मुलाला गोष्टीच्या दारातच उभं करण्याची ही हिंमत किंग्जलींच्या काळात अशक्य होती.

अमेरिकेत तोवर इंग्री आणि एडगर दोलेर या चित्रकार दांपत्याचं ‘बुक ऑफ ग्रीक मिथ्स’ (१९६२) घरोघरी आणि ग्रंथालयांत पोचलं होतं. ज्यांचा ग्रीक कथांशी संबंध त्या मोठ्या, रंगीत पानांतून जुळला, अशी वाचकांची पिढीच तिथे तयार झाली. १९९७ नंतर हॅरी पॉटरने आठ ते बारा वयोगटातली मुलं जाडजूड अद्भुत कादंबऱ्या वाचतात हे प्रकाशकांना दाखवून दिलं. जमीन अशी तयार होती.

रायर्डन टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे. ते अनेक वर्षं शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत आणि मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहीत. त्यांचा मुलगा हेली याला डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. वाचन त्याला नकोसं होई, पण दुसरीत असताना ग्रीक पुराणकथांनी त्याला धरून ठेवलं. झोपताना बाबांनी त्या सांगायच्या. माहीत असलेल्या कथा संपल्या तेव्हा मुलाने नवीन मागितल्या आणि पर्सी जन्मला. अक्षरं नाचतात कारण पर्सीचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे. वर्गात स्वस्थ बसवत नाही कारण त्याच्या अंगात योद्ध्याची सावधगिरी आहे. वर्गात सतत उणं ठरणाऱ्या मुलाला याहून मोठा दिलासा क्वचितच एखाद्या पुस्तकाने दिला असेल, असं मला खरोखर वाटतं.

ऑलिंपस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे, पाताळाचं दार लॉस एंजेलिसमध्ये आहे आणि नजरेने माणसांचा दगड करणारी मेड्युसा न्यू जर्सीत बागेतले पुतळे विकते. पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र जिथे सरकतं तिथे देव सरकतात, अशी यामागची मांडणी आहे. ही मांडणी मला पुस्तकातली सगळ्यात कच्ची जागा वाटते. सत्तेच्या मागे मागे जाणारे देव आणि त्यांना अमेरिकाच शेवटचं घर, हे फार सोयीचं आहे.

पण कादंबऱ्यांचं खरं बळ दुसरीकडे आहे. देवांची मुलं ज्या शिबिरात राहतात तिथे प्रत्येक मोठ्या देवाची वेगळी केबिन आहे. ज्यांचा बाप किंवा आई त्यांना ओळख देत नाही अशी मुलं देवांचा दूत हर्मिस याच्या केबिनमध्ये दाटीवाटीने राहतात, कुणी जमिनीवर पथारी टाकून. कथेतला मुख्य बंडखोर ल्यूक हा हर्मिसचाच मुलगा आहे आणि देवांवरच्या त्याच्या रागाचं मूळ बापाच्या पाठ फिरवण्यात आहे. २००९ मधल्या ‘द लास्ट ऑलिंपियन’ या पाचव्या भागाच्या शेवटी देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि मागतो काय, तर प्रत्येक देवाने आपल्या मुलाला तेरा वर्षांचं होईपर्यंत जाहीरपणे आपलं म्हणावं. हॉथॉर्न आणि किंग्जली यांनी ज्या बेजबाबदार देवपित्यांवर पांघरूण घातलं, त्यांनाच इथे मुलांनी जाब विचारला आहे.

या कादंबऱ्यांवरचे २०१० आणि २०१३ मधले दोन चित्रपट फिके ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या निर्मितीत लेखक स्वतः सहभागी होते. इतर संस्कृतींच्या पुराणांवर लिहा, अशी मागणी वाचकांकडून येऊ लागली तेव्हा त्या त्या संस्कृतीतल्या लेखकांनीच ते लिहावं अशी भूमिका रायर्डन यांनी घेतली. डिस्नीने त्यांच्या नावाने एक स्वतंत्र प्रकाशनमाला सुरू केली. २०१८ मध्ये आलेलं तिचं पहिलं पुस्तक आपल्या फार जवळचं आहे. रोशनी चोक्सी यांच्या ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’मध्ये अटलांटात राहणारी बारा वर्षांची मुलगी एक निषिद्ध दिवा लावते आणि मग तिला समजतं की तिच्यात एका पांडवाचा आत्मा आहे, आणि तिचा दैवी पिता इंद्र आहे.