‘लवकर’ म्हणजे कधी? कॅन्सरच्या धोक्याच्या लक्षणांची पार्श्वभूमी

‘लवकर निदान’ या दोन शब्दांचा अर्थ गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा बदलला. पहिला अर्थ होता, गाठ कापून काढता येईल तोवर या. दुसरा, काहीच त्रास नसताना तपासून घ्या. तिसरा, आजच्या बहुतेक मार्गदर्शिकांत असतो तो: त्रास सुरू झाल्यापासून पक्के निदान होईपर्यंतचे दिवस कमी करा. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की काय होते, ते स्तनांच्या स्व-तपासणीच्या वादात दिसते. या टिपणाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय पपायरसात छातीतल्या फुगीर गाठींचे वर्णन आहे आणि त्यांवर उपचार नाही, असेही लिहून ठेवले आहे. उपचारच नाहीत तर लक्षण लवकर ओळखण्याला अर्थ उरत नाही, त्यामुळे पुढचा फार मोठा काळ इथे ओलांडता येतो. भूल आणि जंतुनाशन आल्यावर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चित्र पालटले. कॅन्सर आधी एका जागी असतो आणि नंतर पसरतो, ही समजूत शल्यविशारदांत पक्की झाली. त्यातून ‘पसरण्याआधी या’ हा निरोप आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्व प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्वेकडच्या प्रांतात, गर्भाशयाच्या कॅन्सरविषयी मोहीम झाली. तिच्यात वर्तमानपत्रांतून बायकांना अवेळी रक्तस्रावाबद्दल सावध केले गेले, शिवाय डॉक्टर आणि सुइणींसाठी वेगळी पत्रके काढली गेली. तक्रार घेऊन आलेल्या बाईला आतून न तपासता नुसते औषध देऊन परत पाठवले तर तिने वेळेत येऊनही उपयोग नाही, हे त्या मोहिमेला तेव्हाच कळले होते. नंतरच्या कित्येक मोहिमा ही दुसरी बाजू विसरल्या.

1913 मध्ये अमेरिकेत डॉक्टर आणि नागरिकांची एक कॅन्सरविरोधी संघटना उभी राहिली आणि 1940 च्या दशकात सात लक्षणांची यादी घरोघरी पोचली. न भरणारी जखम, गाठ किंवा घट्टपणा, नेहमीपेक्षा वेगळा रक्तस्राव किंवा स्राव, शौच-लघवीच्या सवयीत बदल, अपचन किंवा गिळताना अडकणे, तीळ-चामखिळीत बदल, हटत नसलेला खोकला किंवा घोगरा आवाज. आजच्या भित्तिपत्रकांवर थोड्याफार फरकाने हीच सात असतात. यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, तिच्यात वेदना नाही. बऱ्याच गाठी सुरुवातीला दुखत नाहीत आणि ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असे मानूनच माणसे थांबून राहत, म्हणून वेदनेला यादीत जागा मिळाली नाही. हे योग्यच झाले. दोन, तिच्यात कालावधी नाही. खोकला ‘हटत नाही’ असे म्हणायला किती दिवस जावे लागतात, हे कुणी सांगितले नव्हते. वाचणारा एक तर पहिल्याच दिवशी घाबरायचा, नाहीतर वर्षभर अंगावर काढायचा.

उशिराचा दोष कुणाचा, याचा हिशेबही याच सुमारास सुरू झाला. 1938 च्या एका अमेरिकी अभ्यासाने रुग्णासाठी तीन महिने आणि डॉक्टरसाठी एक महिना अशी रेघ ओढली; त्यापलीकडे गेला तो दोषी. या रेघेमागे ट्यूमरच्या वाढीचे कोणतेही गणित नव्हते, तरी ती पुढे कित्येक दशके अभ्यासांत वापरली गेली. 2012 मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘विलंब’ हा शब्दच टाळायला सांगितले. त्याऐवजी टप्पे मोजायचे: लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत, तिथून पुढे तज्ज्ञाकडे पाठवणी होईपर्यंत, तिथून निदानापर्यंत, आणि निदानापासून उपचारापर्यंत. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. टप्पे वेगळे केल्यावरच दिवस नेमके कुठे जातात ते दिसू लागले, आणि ते दर वेळी रुग्णाच्या घरी जात नव्हते.

एका सल्ल्याची माघार

1950 पासून चित्रपट, पत्रके आणि न्हाणीघरात टांगायची कार्डे यांतून बायकांना दर महिन्याला स्तन तपासायला शिकवले गेले. पुढे पद्धत फार काटेकोर झाली. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, आडवे होऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी नाण्याएवढी वर्तुळे काढायची. प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब द्यायचा. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या कडेपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत उभ्या पट्ट्यांत जायचे. उभ्या पट्ट्या अशासाठी की गोल गोल फिरताना काखेकडचा भाग सुटतो. पद्धत तर्काला धरून होती. तिने मृत्यू कमी होतात का, हे मात्र चाळीस वर्षे कुणी नीट तपासलेच नव्हते.

ते शांघायमध्ये तपासले गेले. 1989 पासून कापडगिरण्यांमधल्या 2,66,064 कामगार स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटाला पद्धत शिकवली, पुन्हा उजळणी दिली, ठरावीक काळाने देखरेखीखाली करून घेतली. दुसऱ्या गटाला यातले काही नाही. 2002 मध्ये अंतिम निकाल आला. शिकवलेल्या गटात स्तनांच्या कॅन्सरने 135 मृत्यू, न शिकवलेल्या गटात 131. सापडलेल्या गाठींचा आकार आणि टप्पाही (कॅन्सर किती पसरला ते) दोन्हीकडे सारखाच. रशियातला असाच अभ्यास जोडून 3,88,535 स्त्रियांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा तुकडा काढून तपासल्यावर साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघालेली प्रकरणे शिकवलेल्या गटांत 3,406 आणि इतरांत 1,856 होती. म्हणजे जवळजवळ दुप्पट सुया, टाके आणि जागून काढलेल्या रात्री, आणि मृत्यूंत फरक नाही.

यावरून 2003 मध्ये अमेरिकेतल्या त्याच कॅन्सरविरोधी संघटनेने मासिक तपासणी ऐच्छिक केली आणि 2009 मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने ती शिकवूच नये असे सांगितले. निर्णय पुराव्याला धरून होता. पण तो ज्या शब्दांत लोकांपर्यंत गेला त्याने नुकसान केले. ‘स्वतः तपासण्याचा उपयोग नाही’ असे मथळे आले आणि बायकांनी त्यातून ‘स्वतःला लागलेली गाठ महत्त्वाची नाही’ असा अर्थ घेतला. अभ्यास हे सांगतच नव्हता. न शिकवलेल्या गटातल्या बायकांनाही आंघोळ करताना, कपडे बदलताना गाठ लागत होती, आणि त्या तितक्याच वेळेत डॉक्टरकडे पोचत होत्या. निरुपयोगी ठरला तो महिन्याचा ठरावीक विधी. हाताला लागलेली गाठ दाखवणे आजही तितकेच गरजेचे आहे.

ब्रिटनने हा फरक 1991 मध्येच केला होता: विधी सोडा, आपले नेहमीचे काय आहे ते ओळखा आणि वेगळे दिसले की सांगा. मराठीत या दोन्ही गोष्टींना आपण ‘स्वतः तपासणे’ म्हणतो, तिथेच घोळ होतो. एकीला ‘मासिक स्व-तपासणी’ आणि दुसरीला ‘बदलाची जाण’ म्हटले तर बरे. बदल म्हणजे काय, तेही गाठीपुरते नाही: एकाच बाजूला नव्याने पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली त्वचा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून आपोआप येणारे रक्त, स्तनाग्रावरचे मलमाने न जाणारे इसबासारखे चट्टे, काखेतली गाठ. गाठ लागत असेल आणि मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) स्वच्छ आला, तर विषय संपत नाही. हाताने तपासणी, चित्र आणि गरज पडली तर सुईने घेतलेला तुकडा, हे तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. एक जरी न जुळले तर पुढचा तपास करायचा.

प्रशिक्षित हातांचे काय, हा प्रश्न उरतो. मुंबईत 1998 पासून 35 ते 64 वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले. 2021 च्या निकालात एकूण घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी दिसले. यंत्राशिवायही काही साधते, हे यातून दिसते.

तीन आठवडे कुठून आले

आता बहुतेक सूचनांत ‘तीन आठवडे’ असतात: तीन आठवडे न गेलेला खोकला, तोंडातला तीन आठवडे न भरलेला व्रण. हा आकडा कॅन्सरवरून काढलेला नाही. साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. दात किंवा गाल चावल्याने झालेला व्रण दहा ते चौदा दिवसांत भरतो. साधे कारण तोवर स्वतःहून संपायला हवे, न संपले तर दुसरे कारण शोधायचे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक लक्षणाला तीन आठवडे द्यायचे नाहीत. थुंकीतून रक्त, लघवीतून वेदनेशिवाय रक्त, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, घन पदार्थ गिळताना अडकणे, यांत वाट पाहण्याजोगे काही नसते. एकदा झाले आणि थांबले, तरी दाखवायचे. मूत्राशयाच्या गाठीतले रक्त मधूनच येते आणि आठवडेच्या आठवडे बंद राहते. त्या मधल्या स्वच्छ काळातच बरेच जण निर्धास्त होतात.

अशा लक्षणामागे कॅन्सर निघण्याची शक्यता किती? ब्रिटनमधल्या साडेसात लाखांहून अधिक नोंदींचा 2007 चा अभ्यास सांगतो की पहिल्यांदा थुंकीतून रक्त आलेल्यांपैकी तीन वर्षांत पुरुषांत 7.5 टक्के आणि स्त्रियांत 4.3 टक्के जणांना संबंधित कॅन्सर निघाला. लघवीतून रक्तासाठी हे आकडे 7.4 आणि 3.4, गिळताना अडकण्यासाठी 5.7 आणि 2.4, शौचातून रक्तासाठी 2.4 आणि 2.0. म्हणजे धोक्याचे म्हणवणाऱ्या लक्षणांमागेही बहुतेकदा दुसरेच काही असते. ही गोष्ट मोहिमांनी पुरेशी सांगितली नाही, भीतीवर भर दिला, आणि भीतीने माणसे दूर राहतात. पाळी बंद झाल्यानंतरच्या रक्तस्रावात साधारण 9 टक्क्यांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उलट तो कॅन्सर असलेल्या दहापैकी नऊ जणींना रक्तस्राव झालेला असतो. दोन्ही आकडे एकत्र वाचले तर घाबरण्याचेही कारण राहत नाही आणि टाळण्याचेही.

ब्रिटनमध्ये 2000 पर्यंत संशयित रुग्णाला दोन आठवड्यांत तज्ज्ञाकडे नेण्याचा नियम सर्व प्रमुख प्रकारांना लागू झाला. 2015 च्या मार्गदर्शिकेने पाठवणीसाठी कॅन्सरच्या शक्यतेचा उंबरठा 3 टक्के ठेवला, आधीपेक्षा कमी. म्हणजे पाठवलेल्या शंभरातल्या 97 जणांना कॅन्सर नसला तरी चालेल, हे मान्य केले. 2023 मध्ये इंग्लंडात दोन आठवड्यांचा नियम गेला आणि 28 दिवसांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ कळवण्याचे बंधन त्याच्या जागी उरले. हा बदल उशिरा झाला असे आमचे मत आहे, कारण पहिली भेट वेळेत देऊन पुढच्या स्कॅनला महिना लावला तरी जुना नियम पाळल्याची नोंद होत असे. 2012 च्या तिथल्या तीन आठवड्यांच्या खोकल्याच्या मोहिमेनंतर फुप्फुसाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण 14.1 वरून 17.3 टक्क्यांवर गेले.

डेन्मार्कने वेगळ्या ठिकाणी बोट ठेवले. थकवा, भूक मंदावणे, कारण नसताना वजन उतरणे अशा मोघम तक्रारींना यादीत एक अवयव नेमून देता येत नाही, म्हणून हे रुग्ण एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहत. 2011-12 पासून तिथे त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आणि तपास केंद्रे सुरू झाली. बीजांडकोशाच्या कॅन्सरची गोष्टही अशीच. त्याला ‘लक्षणे नसलेला’ म्हणत. प्रत्यक्षात पोट फुगणे, थोडे खाऊन पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही लक्षणे असतात. फक्त ती महिन्यात बारा दिवसांहून जास्त आणि अलीकडेच सुरू झालेली आहेत का, हे मोजावे लागते.

यादी पाठ असूनही चूक होते ती बहुधा पहिल्या भेटीनंतर. शौचातून रक्त आले, मूळव्याध दिसली, मलम दिले. मूळव्याध खरीच असते, पण तिच्या वरच्या आतड्यात कुणी पाहत नाही. पुरुषाला किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा निघतो, गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येते आणि रक्त कुठे जात होते हा प्रश्न विचारलाच जात नाही. छातीचा एक्स-रे फुप्फुसाचे पाचातले एक कॅन्सर चुकवतो, तरी ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ या वाक्यावर खोकला आणखी सहा महिने चालतो. म्हणून दाखवायला जाताना लक्षण सुरू झाल्याची तारीख, आठवड्यातून किती वेळा, घेतलेली औषधे आणि वजनातला फरक लिहून न्यावा, आणि निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे किती दिवसांत थांबायला हवे, आणि नाही थांबले तर पुढची तपासणी कोणती. उत्तरात मिळालेली तारीख कॅलेंडरवर लिहावी. त्या दिवशी त्रास तसाच असेल तर रिपोर्ट स्वच्छ असला तरी परत जावे.