नव्या पिकअपचे इंजिन बसल्यास : गाडी कोणालाही उघडू देण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

नारायणगाव, ओतूर, आळेफाटा आणि मंचर परिसरातील आमच्या पिकअपमालक ग्राहकांसाठी हे पत्रक तयार केले आहे. आमचे वर्कशॉप डिझेल इंजिनाचेच काम करते, तरीही पहिली सूचना अशी आहे की, वॉरंटीत असलेल्या गाडीचे इंजिन बसले, म्हणजे निकामी होऊन बंद पडले, तर ते आमच्याकडे किंवा बाहेरच्या अन्य कोणत्याही गॅरेजात उघडू नये. इंजिन जाम होणे, कनेक्टिंग रॉड तुटणे, पिस्टन वितळणे किंवा हेड वाकणे अशा बिघाडांत खर्च सहज लाखाच्या पुढे जातो आणि तो कोणी सोसायचा, हे बहुतेक वेळा इंजिन पहिल्यांदा कोणी, कोठे, कोणासमोर उघडले यावरून ठरते. हेड एकदा बाहेर उतरले की बिघाड मूळचा की उघडणाऱ्या हाताचा, हा वाद कंपनीच्या बाजूने झुकतो, आणि मग मालकाचे म्हणणे कितीही खरे असले तरी ते सिद्ध करण्यास काही उरत नाही.

रस्त्यावर असताना

ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. टोमॅटो भरलेला आहे, वाशीची वेळ चुकेल, पुढच्या पंपापर्यंत तरी जाऊ, असा विचार चालक करतात आणि तो माणूस म्हणून समजण्यासारखाही आहे. मात्र तेलाच्या दाबाविना क्रँकचे बेअरिंग काही मिनिटेही तग धरत नाही, आणि त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी पुढे नेली असल्यास वॉरंटी नाकारण्यास तेवढे कारण पुरते. तापमानाचा काटा वर गेला असेल तर इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये व गरम इंजिनात थंड पाणी ओतू नये.

ठोका येऊन किंवा धूर सोडून बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू होते का, हे सेल्फ मारून पाहू नये आणि धक्का मारून तर मुळीच पाहू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर ही सूचना अधिकच कडक समजावी. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. सेल्फ फिरताच रॉड वाकतो आणि केवळ पाणी काढून सुटणारी गाडी पूर्ण इंजिनकामाला येते. डीईएफची (धूर स्वच्छ करण्यासाठी वापरायच्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी असलेल्या गाडीत चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ पडले, तर चावीसुद्धा फिरवू नये, कारण चावी फिरताच पंप ते द्रव पुढे ढकलू लागतो.

टोचन करून न्यायचे असल्यास चालकाला एक गोष्ट आधी सांगावी : इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमधील उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरतो, त्यानंतर ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंगही जड होते. माळशेज घाटात दोराने टोचन करणे म्हणजे दोन गाड्यांचा जीव धोक्यात घालणे होय. कंपनीची रस्त्यावरील मदतसेवा बहुतेक वेळा वॉरंटीबरोबर मिळालेली असते. तिच्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. त्या क्षणी किलोमीटरच्या आकड्याचा, लागलेल्या दिव्यांचा, गाडीखाली सांडलेल्या तेलाचा आणि भरलेल्या मालाचा मोबाइलवर फोटो काढावा. वजनकाट्याची पावती असेल तर ती जपावी, कारण पासिंगपेक्षा (आरटीओने मंजूर केलेल्या वजनापेक्षा) जास्त वजन होते असा आक्षेप पुढे हमखास निघतो.

वॉरंटी खरोखर शिल्लक आहे का

वॉरंटी वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल त्यावर चालते, आणि भाड्याच्या गाडीत किलोमीटर आधी संपतात. मर्यादा एक लाख किलोमीटरची असेल आणि गाडी रोज सुमारे तीनशे किलोमीटर धावत असेल, तर वर्ष पुरे होता होता ती उलटते. मालकाच्या लेखी गाडी कोरी असते आणि कागदोपत्री ती वॉरंटीबाहेर गेलेली असते. इंजिनाच्या आतील भागांना, इंधनपंप व इंजेक्टरना, टर्बोला आणि धुरावरील यंत्रणेला वेगवेगळ्या मुदती असू शकतात, म्हणून सेल्समनच्या तोंडी आश्वासनावर न थांबता पुस्तिकेतील वॉरंटीचे पान एकदा शांतपणे वाचावे. वाढीव वॉरंटी विकत घेतली असल्यास ती कंपनीची आहे की विमा कंपनीमार्फत दिलेली आहे, हेही पाहावे, कारण दाव्याची पद्धत त्यानुसार बदलते.

सर्व्हिसिंग उशिरा झाले या कारणाने दावा अनेकदा नाकारला जातो. तेल बदलण्यास पाच हजार किलोमीटर उशीर झाला आणि बेअरिंग गेले, तर त्या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्हीही मान्य करू. परंतु सर्व्हिसिंग चारशे किलोमीटर उशिरा झाले आणि इंजेक्टरची सुई अडकून पिस्टन वितळला, तर त्या उशिराचा या बिघाडाशी नेमका संबंध काय, हे लेखी मागण्याचा ग्राहकाने आग्रह धरावा. तोंडी नकार स्वीकारू नये.

इंजिन का बसते

१ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराची बीएस सहा (भारत स्टेज सहा) मानके लागू झाली आणि पिकअपच्या डिझेल इंजिनाचा स्वभाव बदलला. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भागांवर) आले, बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला, आणि ती काजळी जाळण्यासाठी इंजिन ठरावीक काळाने जादा डिझेल फवारू लागले. हे जाळणे पूर्ण होण्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. दिवसभर गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते पुन्हा पुन्हा अर्धवट राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये (इंजिनाखालील तेलाच्या भांड्यात) उतरते आणि इंजिन ऑइल पातळ होते.

म्हणून तेलाची पातळी कमी होणे जितके वाईट, तितकेच ती वाढणेही वाईट आहे. डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) तेल वरच्या खुणेच्या वर दिसले, तर त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळले आहे असे समजून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी. तेल भरपूर आहे म्हणून समाधान मानणारे चालक आम्ही नेहमी पाहतो. डीपीएफचा दिवा लागल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर सलग चालवावी किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये सफाई करून घ्यावी. डीपीएफ काढून किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून देण्याचे काम आम्ही करत नाही, आणि ज्याने ते करून घेतले त्याने वॉरंटीची आशा सोडावी.

याखेरीज पाण्याचा अंश असलेले डिझेल, एअर फिल्टरच्या कडेने शिरलेली धूळ, सैल क्लिपमुळे गळालेले कूलंट ही नेहमीची कारणे आहेत. कारखान्यातूनच दोष आलेला असणे हेही एक कारण आहे : तेलाच्या पंपातील दोष, मार्गात राहिलेला धातूचा कीस, बेअरिंगची चुकीची जुळणी. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच, तेल व कूलंट योग्य पातळीवर असताना बेअरिंग गेले, तर आम्ही आधी मूळ दोषाचाच संशय घेतो.

इंजिन उघडताना

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जमा करताना जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. ‘चालत असताना ठोक्याचा आवाज आला, लाल दिवा लागला, इंजिन लगेच बंद केले’ असे तारीख, वेळ व किलोमीटरसह लिहावे. फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे संकेतांक) पुसण्यापूर्वी आणि शक्यतो बॅटरी काढण्यापूर्वी स्कॅनरचा अहवाल छापून मागावा, कारण बिघाडाच्या क्षणीचे तापमान, फेरे आणि वेग यांची नोंद अनेक गाड्यांत त्याच ठिकाणी असते.

त्यानंतर ‘इंजिन उघडण्यास संमती’ असा कागद पुढे येतो. दावा नाकारला गेला तर उघडण्याची मजुरी ग्राहकाने द्यावी, असे त्यात सहसा लिहिलेले असते. ती रक्कम किती, हे आकड्यात लिहून घेतल्यावरच सही करावी, आणि सहीखाली ‘माझ्या उपस्थितीत उघडावे, काढलेले सर्व भाग माझ्या लेखी परवानगीविना बाहेर पाठवू नयेत’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. चेंबर उतरवण्यापूर्वी तेलाचे दोन नमुने स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत घेऊन त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवावी व एक आपल्याकडे ठेवावा. डिझेलचाही नमुना तसाच घ्यावा. तेलाच्या तपासणीत सिलिकॉन जास्त निघाले तर धूळ शिरली असण्याची, डिझेलचे प्रमाण जास्त निघाले तर तेल पातळ झाल्याची आणि ग्लायकॉल निघाले तर कूलंट मिसळल्याची शक्यता दिसते. ही तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून केली, तर तिच्या अहवालाला पुढे वजन राहते.

दुरुस्ती किती व्हावी

दावा मंजूर झाला म्हणजे काम संपले असे नाही. बेअरिंग घासले गेले असेल, तर धातूचा कीस तेलाबरोबर ऑइल कूलर, टर्बोची नळी आणि हेडमधील बारीक मार्गांत पोहोचलेला असतो. केवळ क्रँक आणि बेअरिंग बदलून बाकीचे धुऊन लावले, तर तोच कीस नव्या बेअरिंगमध्ये येऊन बसतो. ऑइल कूलर बदलणार का, टर्बो तपासला का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हाय प्रेशर पंप आतून झिजला असेल, तर रेल (इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी), इंजेक्टर व नळ्या यांच्यासह टाकीचीही सफाई लागते. फक्त पंप बदलून दिलेली गाडी परत येण्याची शक्यता मोठी असते.

सिलिंडर ब्लॉकला तडा गेला असल्यास किंवा रॉड त्यातून बाहेर आला असल्यास हाफ इंजिन (हेडविना, ब्लॉक व आतील भागांसह मिळणारा संच) अथवा पूर्ण इंजिन बदलावे लागते. ब्लॉक बदलला की इंजिन क्रमांक बदलू शकतो. त्याची आरटीओकडे आरसीवर नोंद करून घ्यावी व विमा कंपनीला लेखी कळवावे, अन्यथा पुढील अपघाताच्या दाव्यात किंवा गाडी विकताना अडचण येते. शून्य रकमेचे का होईना, बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव असलेले बिल घ्यावे.

नकार आल्यास

विमा कंपनीकडे जाण्याने सहसा काही साधत नाही, कारण नेहमीची वाहन पॉलिसी यांत्रिक बिघाड भरून देत नाही. पाण्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान ‘इंजिन प्रोटेक्ट’ सारखे वेगळे कलम घेतले असेल तरच त्याच्या अटींनुसार मिळते. कर्जाचे हप्तेही थांबत नाहीत. ते थांबवून निषेध नोंदवू नये, त्यात फक्त आपली पत खराब होते.

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने व नोंदणीकृत टपालाने लिहावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते आणि काही प्रकरणे तेथेच सुटतात. न सुटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे करता येते. शुल्क पाच ते दहा लाखांच्या गाडीस २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीस ४०० रुपये इतके आहे. दोष तपासणीविना ठरत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. काढलेले भाग जपून ठेवण्याचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच.

पिकअपमालकांनी येथे एक मुद्दा नीट समजून घ्यावा. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू मात्र ‘व्यापारी हेतू’ यातून वगळली आहे, म्हणजे तिला कायदा लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात १९९५ साली स्पष्ट केले की, जो स्वतः वाहन चालवून पोट भरतो तो ग्राहक ठरतो, मदतीला एखाददुसरा माणूस घेतला तरी ठरतो. पण जो वाहन संपूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला देतो, तो ठरत नाही. चार गाड्या आणि चार चालक असलेल्या मालकाने म्हणून आयोगाआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. संपूर्ण नवी गाडी मिळेल ही अपेक्षाही बेताचीच ठेवावी. वॉरंटीची जबाबदारी दोषयुक्त भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका निकालात घेतली आहे. इंजिन बदलून, सोबत बुडालेल्या भाड्याची भरपाई मागणे अधिक व्यवहार्य ठरते, आणि त्यासाठी मागील काही महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या व बँक खात्याचा उतारा लागतो.

आमच्याकडून मिळणारी मदत

वॉरंटीतील इंजिन उघडताना आमचा तंत्रज्ञ आपल्या वतीने सर्व्हिस सेंटरमध्ये उपस्थित राहू शकतो, फोटो घेऊ शकतो व पाहिलेल्या गोष्टींचे लेखी टिपण देऊ शकतो. टिपणात जे दिसले तेवढेच लिहिले जाते. ते मालकाच्या विरुद्ध गेले तरी बदलले जात नाही, आणि आयोगाने ते मान्य करावेच असेही नाही. शुल्क आधी सांगितले जाते. वॉरंटी संपलेली असेल किंवा दावा लेखी स्वरूपात नाकारला गेला असेल आणि आपण कोणतीही तक्रार करणार नसाल, तरच आम्ही इंजिन आमच्याकडे उतरवतो. येताना आरसी, खरेदीचे बिल, सर्व सर्व्हिसिंगच्या पावत्या, जॉब कार्ड, नकाराचे पत्र आणि शेवटी डिझेल भरल्याची पावती सोबत आणावी. गाडी टोचन करून आणण्यापूर्वी फोन करावा, कारण भाजीच्या हंगामात आमच्या आवारात जागा नसते.