उबदार हिवाळा आणि हापूसचा मोहोर

कोकणातला हिवाळा मुळातच सौम्य. किनारपट्टीवर किमान तापमान १५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झाले की हवामान विभाग तिथे थंडीची लाट धरतो. देशावर हा आकडा १० अंशांचा आहे. हापूसच्या कलमाला कडाक्याची थंडी लागतही नाही. रात्री साधारण १५ ते १८ अंश, कोरडी हवा, निरभ्र आभाळ, आणि हे सारे दोनेक आठवडे न तुटता मिळाले की पक्व काडीच्या शेंड्यावर बोंगा, म्हणजे मोहोराचा कोंब, फुटतो. रात्री २० अंशांच्या वर राहिल्या, तर त्याच शेंड्यातून मोहोराऐवजी पालवी येते, किंवा मोहोरातच पाने मिसळलेली असतात.

बिघाडाची सुरुवात बहुधा थंडीआधीच झालेली असते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर कातळावरची ओल हटत नाही आणि झाड नवी पालवी काढते. या पालवीची काडी पक्व व्हायला तीन-चार महिने लागतात, तेवढ्यात डिसेंबरची थंडी येऊन गेलेली असते. त्यात अरबी समुद्रातली वादळे आभाळ भरून टाकतात. डिसेंबर २०१७ मधल्या ओखी वादळाने कोकण किनाऱ्यावर भर हिवाळ्यात पाऊस पाडला. ढग असले की रात्री जमिनीची उष्णता वर निसटत नाही. दिवस फारसा तापलेला नसतानाही किमान तापमान चढते. बागायतदार दुपारच्या उन्हापेक्षा पहाटेचा पारा पाहतो, तो यासाठी.

थंडी जास्त झाली म्हणजे उत्पन्न जास्त, हा समज मात्र खरा नाही. फार गार रात्रींत मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते, फळ धरू शकणारी संयुक्त फुले घटतात आणि मोहोर दाट दिसूनही कणी, म्हणजे बारीक फळ, धरत नाही. फळे वाटाण्याएवढी असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, थंडी पुन्हा आली तर पुनर्मोहोर फुटतो. झाडाचे अन्न त्याच्याकडे वळते आणि आधीची कणी गळते. यावर पहिला मोहोर पूर्ण फुलल्यावर आणि पुन्हा फळ वाटाण्याएवढे झाल्यावर जिब्रेलिक आम्ल या संजीवकाची ५० पीपीएम फवारणी करतात, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम.

मोहोराऐवजी पालवी येते, त्यावरचा उपाय पॅक्लोब्युट्राझोल. हे संजीवक पालवीची वाढ रोखते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, विस्ताराच्या दर मीटर व्यासाला २५ टक्के तीव्रतेचे ३ मिली औषध देतात. झाड पूर्व-पश्चिम ८ मीटर आणि दक्षिणोत्तर १० मीटर पसरले असेल, तर सरासरी ९ मीटर धरून २७ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या निम्म्यावर, १०-१२ सेंटिमीटर खोल अशा २५-३० छिद्रांत सारखे ओततात. आधी तण काढलेले हवे आणि जमिनीत ओल हवी. अशक्त झाडाला ते देत नाहीत, आणि खताची मात्रा वाढवावी लागते. मात्रा चुकली तर काड्या आखूड आणि मोहोर गोळा झालेला दिसतो. औषध काडीला मोहोरासाठी तयार करते. पहाटेचे ढग आणि धुके त्याच्या हातात नसतात.

खर्च वाढतो तो टप्प्याटप्प्याने येणाऱ्या मोहोरामुळे. एका फांदीवर सुपारीएवढी फळे, शेजारच्या फांदीवर उमललेला मोहोर आणि तिसरीवर तांबूस पालवी असते. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे आणि करपा बळावतात. कोवळी पालवी व मोहोर यांवर तुडतुड्यांची पिढी चालू राहते, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. सगळा मोहोर एकदम आला तर पाच-सहा फवारण्यांत निभते. टप्पे पडले की त्याच बागेत पुन्हा पंप फिरवावा लागतो, शिवाय फुललेल्या फांद्या वगळून, कारण परागीकरण करणाऱ्या माश्या तिथेच असतात.

थंडी लवकर सरण्याचा फटका फळालाही बसतो. १९०१ ते २०२३ या काळातल्या फेब्रुवारी महिन्यांत देशाचे सरासरी कमाल तापमान सर्वांत जास्त होते ते २०२३ मध्ये. अशा उन्हात लहान फळे गळतात, सालीवर चट्टे पडतात, आणि झाडावर जास्त पिकू दिलेल्या आंब्यात साका, म्हणजे गर आतून पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष, वाढतो. म्हणून ८०-८५ टक्के तयार झालेले फळच झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवतात. टप्पे पडलेल्या बागेत हा अंदाज फळागणिक करावा लागतो. कणी धरल्यापासून फळाला साधारण ११०-१२० दिवस लागतात. फेब्रुवारीअखेरची कणी जूनच्या मध्यावर तयार होते, तोवर तळकोकणात पाऊस पोचून फळमाशी लागलेली असते. त्यातला जो आंबा वाचतो, त्याची पेटी भरत नाही. तो कॅनिंगला जातो.