"येरवड्याला टाकतील" ही भीती काढून टाका
पुण्यात कोणी जरा विचित्र वागलं की 'याला येरवड्याला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) टाका' म्हणायची सवयच आहे, आणि त्यातूनच समज झालाय की सायकियाट्रिस्टकडे गेलं म्हणजे थेट भरती. असं काही नसतं हो. बहुतेक जण ओपीडीत दाखवून, गोळ्या नाहीतर नुसतं काउन्सेलिंग घेऊन घरी येतात, ओपीडी ससून हॉस्पिटलला आहे तशी खुद्द येरवड्यालाही आहे. उशीर करण्यातच खरा धोका. दोन आठवडे झोप उडालीय, जेवण नको, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, तर दाखवाच. आणि कानात आवाज येत असतील किंवा मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले, आजच. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.